जिल्हा दक्षता समिती: चार महिने वापरून पाहिल्यावर

कलेक्टर ऑफिसच्या दुसऱ्या मजल्यावर, सभागृहाच्या दाराबाहेर एक लाकडी बाक आहे. त्याचा एक पाय आखूड आहे, त्यामुळे दोघांनी एकदम बसायचं आणि एकदम उठायचं. डिसेंबरातल्या एका दुपारी मी आणि मावशी त्या बाकावर पावणेतीन ते साडेपाच बसलो होतो. आत समितीच्या बैठकीत मावशीचा गुन्हा निघणार होता. 'मावशीचा गुन्हा' असंच सगळे म्हणतात. ठाण्यात, समाजकल्याणमध्ये, वकिलाकडे. सुरुवातीला मावशी दर वेळी विचारायची, "गुन्हा त्यानं केला, मग माझा कसा?" नंतर तिनं विचारणं सोडलं.

मी तालुक्याच्या गावी आपले सरकार सेवा केंद्र चालवते. उत्पन्नाचे दाखले, जातीचे दाखले, नॉन-क्रिमीलेयर, ऑनलाइन फॉर्म. नकाशावर माझ्या दुकानाला लोकांनी तारे दिलेत आणि खाली कुणीतरी लिहून ठेवलंय, "मॅडम तापट आहेत पण काम होतं." मला तारे मिळतात, तर सरकारच्या समितीला का मिळू नयेत? शिवाय या समितीबद्दल कुणी लिहिलेलं मला शोधूनही सापडलं नव्हतं. सापडलं असतं तर आमचे दोन महिने वाचले असते.

आधी ही समिती म्हणजे काय ते सांगते. ॲट्रॉसिटीचा कायदा, म्हणजे अनुसूचित जाती-जमातींवरचे अत्याचार रोखणारा, 1989चा, त्याचे नियम 1995चे. त्यातल्या नियम 17 प्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात एक दक्षता व नियंत्रण समिती असते. अध्यक्ष जिल्हाधिकारी. सदस्यांमध्ये खासदार, आमदार, पोलीस अधीक्षक, अनुसूचित जाती-जमातीचे तीन राजपत्रित अधिकारी, आणि मग बिनसरकारी माणसं: अनुसूचित जाती-जमातीचे जास्तीत जास्त पाच, शिवाय संस्थांमध्ये काम करणारे इतर समाजाचे जास्तीत जास्त तीन. सदस्य सचिव आमच्याकडे समाजकल्याणचे सहायक आयुक्त. तीन महिन्यांतून किमान एकदा बसायचं आणि तपास कुठे आला, मदतीचे पैसे दिले का, कोर्टात खटला कसा चाललाय, कुठल्या अधिकाऱ्यानं काय केलं हे तपासायचं. म्हणजे ज्या समाजावर अत्याचार होतो त्याच्या माणसांनी कलेक्टर आणि एसपींना समोरासमोर विचारायचं, अशी ही सोय आहे. कागदावर एवढी चांगली सोय मी माझ्या धंद्यातही क्वचित पाहिली आहे.

आता आमचं प्रकरण. मावशी गावच्या शाळेत पोषण आहार शिजवायची. मानधन महिना 2,500. तिच्या हातची खिचडी पोरं मागून घ्यायची. ऑगस्टमध्ये दोन-तीन घरांतल्या पोरांनी डबे आणायला सुरुवात केली, मग सहा-सात घरांतल्या. आणि एका शुक्रवारी त्यातल्याच एका घरचा माणूस शाळेच्या शेडमध्ये आला, पोरांच्या आणि गुरुजींच्या देखत जातीवरून बोलला आणि पातेलं लाथेनं पालथं केलं. काय बोलला ते मी इथे लिहिणार नाही, एफआयआरमध्ये आहे. मावशीच्या डाव्या पायावर भाजल्याचा डाग अजून आहे, आणि डॉक्टरांचा कागद माझ्याकडे आहे.

ठाण्यात त्या संध्याकाळी "अर्ज देऊन जा, आधी चौकशी करू" असं उत्तर मिळालं. इथे वाचकांनी थांबावं, कारण हे वाक्य बहुतेकांना ऐकायला मिळतं. या कायद्यात आधी चौकशी, मग गुन्हा असं नाही. 2018च्या मार्चमध्ये सुप्रीम कोर्टाच्या एका निकालानं तशी चौकशी आणली होती, आपल्याच राज्यातल्या एका प्रकरणावरून. त्यावर देशभर बंद झाला, संसदेनं त्याच वर्षी कलम 18-अ घातलं, आणि त्या कलमानं एफआयआरसाठी प्राथमिक चौकशीची अट काढून टाकली. 2020 च्या फेब्रुवारीत कोर्टानं ते कलम कायम ठेवलं. हे सगळं मला त्या संध्याकाळी माहीत नव्हतं. मी अर्ज दिला, पोच घेतली (पोच घेणं हा माझा धंद्यातला रोग आहे, आणि पुढे त्यानंच आम्हाला तारलं) आणि घरी आले.

शनिवारी 14566 लावला. अत्याचाराच्या तक्रारींसाठी ही केंद्र सरकारची हेल्पलाइन आहे. 2021 च्या डिसेंबरपासून चालू आहे, पैसे पडत नाहीत, रात्री-अपरात्री लागते. तक्रारीचा क्रमांक मिळाला. सोमवारी तो क्रमांक कागदावर लिहून ठाणे अंमलदारांसमोर ठेवला आणि दुपारी गुन्हा दाखल झाला. क्रमांकामुळे झाला की एसपींना पाठवलेल्या लेखी अर्जामुळे, देव जाणे. पण नंबर मोबाईलमध्ये असू द्या.

नंतरचे सत्तर दिवस शांतता. डीवायएसपी दर्जाच्याच अधिकाऱ्यानं तपास करावा लागतो, ते येऊन पंचनामा करून गेले, चांगले बोलले. मावशीला "ताई" म्हणाले. साठ दिवसांत दोषारोपपत्र कोर्टात जायला हवं असा नियम, तो दिवस ऑक्टोबरात आला आणि गेला. मधेच आरोपीला जामीन झाल्याचं आम्हाला चहाच्या टपरीवर कळलं. खरं तर कलम 15-अ प्रमाणे जामिनाच्या सुनावणीची नोटीस पीडिताला द्यावी लागते आणि तिचं म्हणणंही ऐकावं लागतं. 2021 मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की हे बंधनकारक आहे, मर्जीचा मामला नाही. आमच्यापर्यंत नोटीस आली नाही. टपरीवाल्याला मात्र निकाल तोंडपाठ.

आणि पैसे. जातीवाचक अपमानाच्या गुन्ह्यात, म्हणजे 3(1)(आर) आणि (एस)मध्ये, एक लाख रुपये अर्थसहाय्य आहे. पंचवीस टक्के एफआयआर झाल्यावर, पन्नास टक्के दोषारोपपत्र गेल्यावर, उरलेले शिक्षा झाल्यावर. पहिला हप्ता सात दिवसांत मिळावा असं नियम म्हणतो. आम्हाला ऑक्टोबर संपेपर्यंत शून्य.

मग मी समितीच्या मागे लागले. पहिल्यांदा उपविभागीय समितीच्या, कारण ती जवळ. नियम 17-अ प्रमाणे प्रांत तिचे अध्यक्ष, गटविकास अधिकारी सदस्य सचिव, तीही दर तीन महिन्यांनी. पंचायत समितीत जाऊन विचारलं, पुढची बैठक कधी? टेबलावरच्या भाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं जणू मी चंद्रावरच्या ग्रामसभेची तारीख विचारतेय. "अशी समिती असते का?" त्यांनी खरोखर कुतूहलानं विचारलं. मी नियम दाखवला. त्यांनी मोबाईलवर त्याचा फोटो काढला. उपविभागीय समितीचा अभिप्राय इथेच संपला.

जिल्हा समितीचं तसं नाही. ती बसते. फक्त कधी बसते ते कळत नाही, आणि तिथे कोण बसतं तेही कळत नाही. सदस्यांची नावं कुठल्या फलकावर नाहीत. मी समाजकल्याणला गेले तर "अंतर्गत आहे" म्हणाले. अंतर्गत कसलं, सरकारनं नेमलेली माणसं! दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज टाकला आणि सव्वीस दिवसांनी पानभर यादी मिळाली. सरकारी नावं सोडून बाकीच्यांना फोन लावत गेले. एक नंबर बंद. एक ताई म्हणाल्या की मी दोन बैठकांना गेले, नंतर निमंत्रणच आलं नाही. तिसऱ्या क्रमांकावर निवृत्त बँक कर्मचारी असलेले एक सर लागले, आणि आमचं नशीब फिरलं असं म्हणायला हरकत नाही.

सर भावनेत पडत नाहीत. मी फोनवर सगळी कहाणी सांगायला लागले तर म्हणाले, "ताई, एक पान आणा. तारखा, कलमं, आणि कागदाच्या प्रती. तिथे कहाणी ऐकायला कुणाला वेळ नसतो, तारीख ऐकावीच लागते." मी एक पान केलं. डावीकडे कायद्यात काय, उजवीकडे आमच्याकडे काय झालं. त्यांनी त्यातला 'अन्याय' हा शब्द दोन ठिकाणी खोडला. मला राग आला होता. बैठकीनंतर आला नाही.

सरांनी मला आणखी एक गोष्ट दाखवली. या कायद्यात कलम 4 आहे. त्यात सरकारी अधिकाऱ्याची कामं एकामागून एक लिहिलेली आहेत. फिर्याद वाचून दाखवणं, गुन्हा नोंदवणं, प्रत देणं, साठ दिवसांत दोषारोपपत्र दाखल करणं, आणि उशीर झाला तर कारण लेखी देणं. जो अधिकारी स्वतः अनुसूचित जाती-जमातीचा नाही त्यानं हे मुद्दाम केलं नाही तर सहा महिने ते एक वर्ष शिक्षा. सर म्हणाले, "शिक्षा झालेली मी पाहिली नाही. पण उशिराचं लेखी कारण मागितलं की खुर्च्या सरकतात." खैरलांजीच्या हत्याकांडाचा विषय निघाला तेव्हा ते फक्त एवढंच बोलले की 2008 मध्ये भंडाऱ्याच्या कोर्टानं फाशीची शिक्षा सुनावली पण ॲट्रॉसिटी लागू केली नाही. जातीमुळे झालं हे सिद्ध करण्याचं काम तपासाच्या पहिल्या महिन्यात होतं, नंतर नाही. म्हणून ही समिती त्यांना महत्त्वाची वाटते.

तर बैठकीचा दिवस. सदस्यांच्या यादीत पीडित माणूस नाही, त्यामुळे आम्ही बाकावर. दार उघडलं की आतला आवाज यायचा आणि बंद झालं की जायचा. आमदार आले, वीस मिनिटांनी गेले. चहा आत गेला. बिस्किटंही गेली. मावशीनं पिशवीतून शेंगदाणे काढले. मी तिला म्हटलं, मावशी, इथे नको. ती म्हणाली, "का गं, इथे काय सोवळं आहे?"

आत काय झालं ते सरांनी नंतर सांगितलं. तालुक्यावार तक्ता असतो. त्यात रकाने: पोलीस तपासावर प्रलंबित, न्यायालयात प्रलंबित, जातीचा दाखला अप्राप्त, अर्थसहाय्य मंजूर, अर्थसहाय्य प्रलंबित. समाजकल्याणचे अधिकारी आकडे वाचतात, पोलीस उत्तर देतात, अध्यक्ष 'तातडीनं करा' म्हणतात आणि पुढचा तालुका. आमचं प्रकरण निघालं 'जातीचा दाखला अप्राप्त'मध्ये. म्हणजे तपास थांबला का, तर मावशीनं दाखला दिला नाही. पैसे थांबले का, तर तेच.

मावशीचा जातीचा दाखला मी स्वतः माझ्या केंद्रातून काढलेला आहे. ऑगस्टच्या सत्तावीस तारखेला मी तो ठाण्यात दिला आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख घेतली. सरांनी ती प्रत कलेक्टरांसमोर ठेवली आणि एकच प्रश्न विचारला: दाखला तिसऱ्या आठवड्यात मिळाला, त्यानंतरचा आज एकशे दहावा दिवस आहे, उशिराचं लेखी कारण कुठे आहे? कलेक्टर मॅडमनी प्रत उलटसुलट पाहिली आणि डीवायएसपींकडे सरकवली. ते फाईल चाळत राहिले. मॅडमनी पंखा बंद करायला सांगितला, का ते माहीत नाही, पण सर म्हणतात त्यानंतर खोलीत कागदांचाच आवाज होता. आमच्या विषयाला एकूण चार मिनिटं मिळाली.

अकराव्या दिवशी दोषारोपपत्र कोर्टात गेलं. त्यानंतर आठवडाभरात मावशीच्या खात्यात पंचाहत्तर हजार, दोन्ही हप्ते एकदम. मी तापट असले तरी काम झालं की मान्य करते. चार महिने हेलपाटे घालून जे हललं नाही ते चार मिनिटांत हललं. कुणी कुणावर ओरडलं नाही, कुणाला निलंबित केलं नाही. एका खोलीत सगळे अधिकारी एकमेकांच्या देखत बसले होते आणि समाजातल्या एका माणसाकडे योग्य कागद होता, एवढंच. एरवी ठाणं समाजकल्याणकडे बोट दाखवतं, समाजकल्याण ठाण्याकडे, आणि मधल्या साठ किलोमीटरचं एसटीचं तिकीट आपण काढतो. त्या खोलीत बोट दाखवायला अंतरच उरत नाही. (तिकिटावरून आठवलं: पीडिताला आणि बाई असेल तर सोबत आलेल्यालाही तपास आणि सुनावणीसाठी प्रवासखर्च, भत्ता मिळतो, नियम 11. आम्ही तिकिटं जपून ठेवली आहेत. अर्ज दिलाय. बघू.)

आता जे जमलं नाही ते. संध्याकाळी सर बाहेर आले तेव्हा मावशीनं पहिला प्रश्न विचारला, "माझं नाव घेतलं का?" सर थोडे घुटमळले. म्हणाले, "गुन्हा रजिस्टर नंबर घेतला. तसाच घेतात." मग तिनं दुसरा प्रश्न विचारला, "आणि शाळेचं काय म्हणाले?"

शाळेचं कुणी काही म्हणालं नव्हतं. त्या शुक्रवारनंतर शाळा व्यवस्थापन समितीनं मावशीला "वाद मिटेपर्यंत थांबा" म्हणून सांगितलं, आणि तिच्या जागी दुसरी बाई आली. सगळी पोरं जेवतात आता, कुणी डबा आणत नाही. म्हणजे ज्याला तिला तिथून हटवायचं होतं त्याचं काम पहिल्याच आठवड्यात झालं, दोषारोपपत्रासाठी तो थांबला नाही. कामावरून असं दूर ठेवणं हाही कायद्यात बहिष्काराचा गुन्हा ठरू शकतो, आणि पुनर्वसन पाहणं समितीच्या कामात लिहिलेलं आहे. पण तक्त्यात त्याला रकाना नाही. ज्याला रकाना नाही ते वाचलं जात नाही, आणि जे वाचलं जात नाही त्यावर सरांसारखा माणूसही बोलू शकत नाही, कारण अध्यक्ष म्हणतात, विषयपत्रिकेवर नाही. मी केलेल्या एका पानातही शाळा शेवटच्या ओळीत होती, हेही खरं. मीच तारखांच्या मागे लागले होते. मावशीच्या मनात पहिल्या दिवसापासून शाळाच होती. तिला पंचाहत्तर हजारांचा आनंद झाला, नाही असं नाही, तिनं घरावर पत्रे टाकले. पण ती रोज सकाळी साडेनऊला घड्याळाकडे बघते.

बैठकीचं इतिवृत्त मी नंतर मागवलं, पुन्हा दहा रुपये. त्यात आमच्या चार मिनिटांची ओळ अशी आहे: "सदर प्रकरणी तपास तात्काळ पूर्ण करण्याबाबत निर्देश देण्यात आले." प्रश्न कुणी विचारला, दाखला कधी दिलेला होता, उशिराचं कारण दिलं की नाही, काही नाही. उद्या सरांची मुदत संपली आणि दुसरं कुणी आलं तर त्यांना यातून काही शिकता येणार नाही. सदस्यांची नावं लपवायची, बैठकीची तारीख लपवायची आणि इतिवृत्त धुऊन काढायचं, यात कुणा एका अधिकाऱ्याचा कावा आहे असं मला वाटत नाही. सवय आहे. माझ्या केंद्रातही दरपत्रक लावायला मला तहसीलदारांनी दोनदा सांगावं लागलं होतं.

तारे द्यायचे तर पाचपैकी अडीच. तो अर्धा सरांचा आहे, समितीचा नाही. तुमच्या जिल्ह्यात असे सर नसतील तर दोनच धरा आणि कागदावर जास्त भर द्या. प्रत्येक गोष्टीची पोच घ्या, जातीच्या दाखल्याची तर घ्याच. पीडित बाईला पहिल्या दिवशी विचारा की तिला नक्की काय परत हवंय, आणि ते पानाच्या पहिल्या ओळीत लिहा. मी चुकले ते तुम्ही चुकू नका.

जानेवारीत आम्ही सदस्य सचिवांना पत्र दिलं: तक्त्यात 'पीडिताचं काम किंवा रोजगार सुटला आहे काय' असा एक रकाना घालावा आणि पीडिताला आपल्या प्रकरणापुरती दहा मिनिटं आत बसू द्यावं. मावशीनं खाली सही केली, अंगठा नाही, सही, पूर्ण नावानिशी. "आपले पत्र पुढील बैठकीसमोर ठेवण्यात येईल" असं उत्तर आलंय. पुढची बैठक मार्चमध्ये व्हायला हवी. तारीख कळलेली नाही. कळली की निघू, आणि या वेळी त्या बाकाच्या आखूड पायाखाली घालायला पुठ्ठ्याची एक जाड घडी मी पिशवीत टाकून ठेवली आहे.